शिळ्या पाण्याचे मडके

आम्ही गाव सोडले ते भर दुपारी, कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी. बाजाराला चाललो आहोत असे दिसावे, एवढाच त्यामागचा विचार होता. पत्नी रखमाच्या डोक्यावर रिकामी पाटी, कडेवर तीन वर्षांची गंगू, आणि माझ्या हातात एक मातीचे मडके. रिकामी पाटी घेऊन बाजाराला जाणारी माणसे असतात. पाण्याचे मडके घेऊन जाणारे कोणी नसते. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली तेव्हा आम्ही वेशीबाहेर पडलो होतो, आणि परत फिरणे अधिक संशयाचे झाले असते.

मडके मायने भरून दिले होते. उंबऱ्यात ती एवढेच बोलली, "शिळंच घातलंय. ताजं न्हाई घातलं." मग ती आत गेली. तिने वळून पाहिले नाही. मीही पाहिले नाही.

पैनगंगेच्या त्या काठाला जे राहिले त्यांनी, आणि माझ्यासारखे या काठाला जे आले त्यांनीही, मला अनेकदा विचारले की दागिने आणि भांडी मागे ठेवून मी मडके का उचलले. त्याचे उत्तर आजवर दिले नाही. आता देतो. मडक्यात सात मासे होते.

हिंगोलीला हिवतापाचे एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे मी चपराशी होतो. विहिरींत आणि हौदांत गप्पी मासे सोडणे हे आमचे काम. मासा बोटाच्या पेरापेक्षा लहान, पण डासांच्या अळ्या वेचून खातो. माशांचे बियाणे संपू नये म्हणून डॉक्टरांनी पत्र्याच्या चौकटीची एक काचेची पेटी करून घेतली होती, आणि ती माझ्या घरी ठेवली होती. मी ती आनंदाने नेली असे नाही. भीतीने नेली. आमचा पहिला मुलगा दोन वर्षांचा होऊन तापात गेला होता. आधी थंडी वाजायची, मग अंग तापायचे, मग घाम यायचा. एके दिवशी घाम आला नाही.

गंगू जन्मली त्या वर्षी मी आडात आणि दारच्या हौदात मासे सोडले. तिला ताप आला नाही. मासे होते म्हणून आला नाही, की यायचाच नव्हता, हे मला सांगता येणार नाही. पण मासे आहेत तोवर मुलगी आहे, असे माझ्या मनाने धरले ते धरलेच.

मायला प्रथम पेटीचे कौतुक नव्हते. ती काचेपाशी बसून म्हणे, "नाव गप्पी, आन् तोंडातून सबूद न्हाई. तुह्यावरच गेलेत हे."

डॉक्टरांनी शिकवलेले सगळे मी पाळत असे. चिमूटभर पीठ, तेही मासे लगोलग संपवतील एवढेच. उरले तर काढायचे, नाहीतर पाणी नासते. पर मिटून मासा कोपऱ्यात उभा राहिला तर तो आजारी, त्याला वेगळ्या भांड्यात घेऊन थोडे मीठ. मादी पिले घालते आणि भूक लागली की तीच ती खाते, म्हणून आत पाणवेल हवीच. तांब्याचे भांडे त्यांना विष. आणि पाण्याविषयी डॉक्टर दर वेळी बजावत, "चौथाई निकालो, चौथाई डालो. पूरा बदला तो मर जाएँगी." घालायचे पाणीही एक दिवस मडक्यात ठेवून मुरलेले असावे.

हे मी पाळले, पण मायला समजावून सांगितले नाही. घरात कोणाला काही समजावून सांगण्याची मला सवय नव्हती.

मायच्या घरात शिळे पाणी राहत नसे. पहाटे पहिले काम म्हणजे कालचे पाणी ओतणे, घागरी राखेने घासणे आणि आडाचे ताजे भरणे. त्यात एकदा ग्रहण आले. मी हिंगोलीला होतो. ग्रहण सुटल्यावर तिने घरातले सगळे पाणी टाकले, तसे पेटीतलेही टाकले. मासे ताटलीत काढले, पेटी राखेने लख्ख घासली, आणि घरातल्या सर्वांत शुद्ध भांड्यातले, म्हणजे तांब्याच्या घागरीतले, थंडगार ताजे पाणी तिच्यात भरले. मी घरी आलो तेव्हा मासे उलटे तरंगत होते. माय पेटीपाशी बसून होती.

"म्या तर चांगलंच केलं रे," ती म्हणाली.

मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. पेटीतले गेले आणि त्या आठवड्यात गंगूचे अंग थोडे कढत लागले. ते दात येण्यामुळे होते हे पुढे कळले. पण ते चार दिवस मायने अन्नाला हात लावला नाही.

डॉक्टरांनी पुन्हा मासे दिले. या वेळी मायने पेटी माझ्याकडून काढून घेतली. एक मडके वेगळे ठेवले, त्यावर चुन्याची खूण केली, आणि त्यातले मुरलेले पाणी ती वाटीने मोजून घालू लागली. शेजारणी हसत, "काहून वं म्हातारे, शिळं पाणी जपून राहिलीस?" ती म्हणे, "तुमाला न्हाई समजायचं. हे दवाखान्याचं हाय."

निजामाच्या राज्याचे ते शेवटचे वर्ष. डॉक्टरांची बदली झाली आणि माझे काम संपले. हत्यारी माणसे गावोगाव फिरत होती. कोणत्या गावात काय झाले हे रोज कानावर येई. खरे किती आणि वाढवलेले किती हे कळायला मार्ग नव्हता. संध्याकाळच्या आत दारे लागत. पैनगंगेपलीकडे, निजामाच्या हद्दीबाहेर, पुसदकडे गेलेल्या चुलतभावाचा निरोप आला: या, पण वस्ती नाल्याकाठी आहे आणि घरटी एक माणूस तापाने पडलेला आहे. राहावे तर माणसांची भीती, जावे तर तापाची. मी दोन्ही भीतींचा विचार केला आणि मासे बरोबर घ्यायचे ठरवले.

माय आली नाही. "शेळ्या काय नदीपल्याड चारू? तुमी जा. म्हातारीला कोन खातंय?" मी एकदाच विचारले. दुसऱ्यांदा विचारायला हवे होते.

कळमनुरी बाजूला टाकून आम्ही पैनगंगेचा रस्ता धरला. नदीच्या उतारापाशी तसलेच चौघे हत्यारी पहारेकरी होते. त्यांतला एक उठून आला. भर उन्हात त्याने घोंगडी पांघरली होती.

"घड़े में क्या है?"

"पानी."

"नदी कू पानी ले जारा? जेवर डाले होंगे अंदर." त्याने मडके माझ्या हातातून घेतले आणि कलते केले. पाणी वाळूत सांडू लागले.

गंगू रखमाच्या कडेवरून म्हणाली, "सांडू नका. त्यात मासे हाईत."

त्याने मडक्यात पाहिले. "इत्ती सी मछली? बिल्ली का भी पेट नै भरता." तो हसला, मागचे तिघेही हसले.

"खायाचे न्हाईत, दादा," रखमा म्हणाली. "तापाची दवा हाय."

तो हसायचा थांबला. "कैसे लेते? निगल के?"

"निगळायचं न्हाई, दादा. पाण्यात सोडायचं. डास हुत न्हाईत मंग." आणि मग ती थांबून म्हणाली, "तुमाला बी हिव भरून राहिलंय. डोळे बघा कसे पिवळे."

मी त्याच्या खांद्यावरच्या बंदुकीकडे पाहत होतो. रखमाने त्याचे डोळे पाहिले होते. त्याने मडके सरळ केले. आत निम्मेही पाणी उरले नव्हते.

"दो इधर छोड़ो," तो म्हणाला. त्यांच्या झोपडीशी मातीचा रांजण होता. मी ओंजळीने दोन मासे त्यात सोडले. पाच उरले. निघताना तो म्हणाला, "रोज पानी बदलना क्या?"

त्या सबंध दिवसात मी धड बोललेले एवढेच: "पूरा मत बदलना. चौथाई."

नदीत गुडघाभर पाणी होते. मडके भरून घेण्याचा मोह फार झाला, कारण मासे वर येऊन तोंडे उघडत होते. भरले असते तर ग्रहणाचा दिवस पुन्हा झाला असता. म्हणून काठावर पडलेल्या एका गाडग्यात नदीचे पाणी घेतले, ते उन्हाने कोमट होऊ दिले आणि मैलामैलाला थांबून एकेक ओंजळ मडक्यात घातली. गंगू दर वेळी विचारी, "हाईत का?" मी मोजून सांगे. चौथ्या ओंजळीला पाचाचे चार झाले. तिला मी पाचच सांगितले.

नाल्याकाठच्या झोपडीत ते चार मासे रांजणात सोडले. त्यांत एक मादी पोटुशी होती. शेपटीजवळचा काळा डाग मोठा झाला होता. काही दिवसांनी पाणवेलीत सुईच्या टोकाएवढी पिले दिसली. पावसाळ्याच्या तोंडाशी ती आम्ही वस्तीतल्या डबक्यांत सोडली. तरी गंगूला ताप आला. थंडी वाजली, अंग तापले. मी तिच्या कपाळावर हात ठेवून बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी घाम आला. तो ताप पुन्हा आला नाही.

राज्य बदलले आणि रस्ते खुले झाले तेव्हा मी एकटा गावी गेलो. मधल्या काळात मायचा निरोप नव्हता. दारापर्यंत जाईस्तोवर तिच्याविषयी काय ऐकावे लागेल याची मी मनात तयारी केली. ती अंगणात शेळीला पाला घालत होती.

पेटीची एक काच तडकली होती. आम्ही मागे ठेवलेले मासे तिने चुन्याच्या खुणेच्या मडक्यात ठेवले होते. पाण्यावर एक सुकलेले तुळशीचे पान तरंगत होते.

"मधी गिऱ्हान लागलं व्हतं," ती म्हणाली. "समद्याचं पाणी टाकलं. ह्यांचं न्हाई टाकलं. वर तुळस ठिवली." मग मला विचारले, "पोरगी?"

"हाय."

तिने मान हलवली आणि पाला घालू लागली. चल म्हणालो तर तिने विचारले, "आन् ह्यांचं पाणी कोन बदलंल?"

ती शेवटपर्यंत तिथेच राहिली. मी जाई तेव्हा तिच्या मडक्यातले पाणी घेऊन येई आणि माझ्या रांजणात चौथा हिस्सा तेच घाली. ती गेल्यावर नळाचे पाणी मुरवून घालू लागलो.

आता पुसदच्या घरात काचेची मोठी टाकी आहे. तिला फिल्टर आहे, हवेचा पंप आहे, थर्मामीटर आहे. नातसून परवा म्हणाली, आजोबा, एकदा सगळी रिकामी करून स्वच्छ धुऊन काढू. मी नको म्हणालो. ती कारण विचारत होती. मासे रांजणातून टाकीत आणले तेव्हा रांजणातले पाणीही मी टाकले नव्हते, टाकीतच घातले होते. चौथाई काढून चौथाई घातलेल्या पाण्यात जुने पाणी कमी होत जाते, पण ते सगळे गेले असे कोणत्याही दिवशी म्हणता येत नाही. त्यात मायचे किती उरले असेल ते मला ठाऊक नाही. तुमचे गाव कोणते असे कोणी विचारले तर मी अजून नदीपलीकडचे नाव सांगतो.

रोज सकाळी उठून मी आधी मासे मोजतो. मोजून होईपर्यंत भीती वाटते.