एका ताटातलं जेवण

माझी आत्या झुंबरबाई मखमलाबादला झेंडू आणि शेवंती पिकवायची. १९९९ साली आजी, म्हणजे तिची सख्खी आई गेली, तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नाही. बायका कुजबुजल्या. मी तर तोंडावरच म्हणाले, “आत्या, तू दगड आहेस.” तिने नुसती मान हलवली. मला तिचा भयंकर राग आला होता.

तिचे यजमान सावळीराम, आमचे आतोबा, यांना १९९४ पासून संशयाचा आजार. जेवणात कोणीतरी विष घालतं, असं ते म्हणत. गोळ्यांना हात लावत नसत. शेवटी डॉक्टरांनी बिनरंगाचे, बिनचवीचे थेंब लिहून दिले आणि गुपचूप भाजीत घालायला सांगितले. आत्या रोज घालायची. पण आतोबांची अट होती की जेवायचं एकाच ताटात आणि पहिला घास तिने खायचा. गुण कमी पडला की डॉक्टर थेंब वाढवत. ताट एकच, तेव्हा तिच्याही पोटात जास्त जाई. नऊ वर्षं हे चाललं आणि आम्हा शहाण्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

२००३ साली मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरांचं लक्ष तिच्या थरथरत्या बोटांकडे गेलं.

“तुम्ही कुठलं औषध घेता?”

“मी कुठलं? यांच्याच ताटात जेवते.”

डॉक्टर आधी तिच्यावर चिडले, मग स्वतःवर. हे आजच बंद करा, म्हणाले. आतोबांना महिन्याला एक इंजेक्शन देता येईल, पण त्यांना खरं सांगावं लागेल. आत्याला धास्ती एवढीच, की मग ते तिच्यावर कधीच भरवसा ठेवणार नाहीत.

तरी दुसऱ्या दिवशी माझ्यादेखत तिने बाटली त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

“नऊ वर्षं म्हनतोय, जेवनात कायतरी हाय,” आतोबा शांतपणे म्हणाले. “समदे मलाच येडा म्हनत व्हते.”

ते खरंच बोलत होते.

इंजेक्शनसाठी त्यांनी मुकाट्याने दंड पुढे केला. मात्र तिच्या हातचं खाणं सोडलं. घरापुढच्या ओट्यावर वेगळी चूल मांडली आणि जाड्याभरड्या भाकरी स्वतःच थापू लागले.

तीन महिन्यांत आत्याची बोटं थरथरायची थांबली. एका दुपारी शेवंती खुडताना ती मध्येच खाली बसली. समोर ओट्यावर आतोबा एकटेच जेवत होते.

“मनीषा, आता लय दुखतंय गं,” ती म्हणाली. “थेंब पोटात जात व्हते तेव्हा कायच वाटत नव्हतं, आय गेली तेव्हाबी. तेच बरं व्हतं.”