परातीतलं गर्भाशय

वत्सलामावशी गेल्याचा निरोप आला तेव्हा आमच्याकडे मेथी निवडणं चाललं होतं. शहरातल्या लकडगंजचा त्यांचा शेजारी पहिल्या बसने खापरखेड्याला आला आणि आमच्या क्वार्टरच्या दारातच उभा राहिला. "झोपेतच गेल्या जी. सकाळी दूधवाल्यानं कडी वाजवली, तं..." सासूबाईंच्या हातातली जुडी हातातच राहिली. त्यांची पाठची सख्खी बहीण ती. मला मात्र आधी रागच आला. जन्मभर सगळ्यांना सगळं फोड करून सांगणारी बाई, आणि स्वतः जाताना एका शब्दाने सांगू नये? आता महिना होत आला. राग ओसरला आहे, उपकार उरले आहेत, आणि ते चारचौघांत बोलून दाखवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

नात्याने त्या माझ्या मावससासू. मुलींच्या शाळेत शरीरशास्त्र शिकवायच्या. पुस्तकातला बाईच्या शरीराचा धडा आला की इतर बाया "घरी वाचून या" म्हणून पान उलटत. मावशींच्या वर्गात तोच धडा सगळ्यात जास्त दिवस चाले. आवाज खणखणीत, शेजारच्या वर्गालाही आपसूक शिकवणी व्हायची. नवरा लवकर गेला, मूल नाही. कोणी हळहळलं तर म्हणायच्या, "मले दरसाल वर्गभर पोरी होतेत, तुमचं काय ते सांगा."

मी लग्न होऊन आले तेव्हा साठचं दशक सरत आलं होतं. यजमान वीजकेंद्रात पाळीच्या ड्युटीवर. क्वार्टर दोन खोल्यांचं. समोरच्या खोलीत पुरुषांनी निजायचं, आत आम्ही बायांनी. पण सासूबाईंनी आमच्यासाठी एक सोय मोठ्या मायेने लावून दिली होती. महिन्याचे चार दिवस मी बाहेर बसले, पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाले, की त्या सासऱ्यांना घेऊन लकडगंजला बहिणीकडे जात आणि आम्हाला घर मोकळं करून देत. तीन-चार दिवसांनी परत. शेतकऱ्याघरची लेक ती. पाऊस पडून गेला की जमिनीला वापसा येतो आणि तेव्हाच पेरायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाईचंही तसंच, हे त्यांचं गणित. चार वर्षं ते गणित चाललं आणि कूस काही उजवली नाही. नवस झाले, उपास झाले. शेवटी सासरे म्हणाले, दिवाळी झाली की सूनबाईला माहेरी पोहोचवून देऊ, सोडचिठ्ठीचं नंतर बघू. यजमान खाली मान घालून बसले. त्यांचा तो गप्पपणा मला सासऱ्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागला.

त्या महिन्यात घर मोकळं करायचं कारणच उरलं नाही, म्हणून सासूबाईंनी मलाही लकडगंजला नेलं. मावशी स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. सासूबाईंनी दिवाळीनंतरचा बेत सांगितला. मावशींनी ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं.

"बाई, तू दर महिन्याले येतेस, ते नेमकी कवा येतेस?"

"हिचं न्हाणं झालं का दुसऱ्या दिवशी. पोरायले मोकळीक नको का?"

"अन् बाकीचा महिना?"

"बाकी महिना कायले? वापसा असते तवाच पेरतेत ना वं!"

मावशींचे हात थांबले. आधी त्या हसल्या, मग त्यांचे डोळे भरून आले. "मले वाटे, तू माह्या मायेनं येतेस..." एवढं म्हणून त्यांनी परात पुढे ओढली. कणकेचा एक गोळा घेऊन उलट्या पेरूसारखा केला. "हे गर्भाशय. मुठीएवढंही नसते." दोन बाजूंना दोन बारीक वळ्या लावल्या, त्यांच्या टोकांशी बदामाएवढे दोन गोळे ठेवले. "ह्या नळ्या, अन् ही बीजांडं. महिन्याले यातून एक बी सुटते. पुढची पाळी यायच्या साधारण दोन हप्ते आधी. नळीत ते एखांदा दिवस जगते, बस."

"बी?" सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "बी तं पुरुषाचं असते."

"अर्धं. अर्धं हिचं. बाई म्हंजे नुसती जमीन नाही, बाई." मग गोळ्याला बोटाने खळगा पाडून म्हणाल्या, "इथं दर महिन्याले पाहुण्यासाठी अंथरूण घालणं होते. पाहुणा नाही आला का ते गुंडाळून बाहेर, तीच पाळी. त्यात इटाळ कायचा? अन् तू काय करतेस, पाहुणा यायच्या आठ दिवस आधी घर मोकळं करतेस. तो येते तवा तुहा पोरगा बापाच्या बाजूले घोरत असते!"

सासूबाईंनी परातीतलं एक बीजांड बोटाने हलकेच चाचपून पाहिलं. मावशी मात्र गंभीर झाल्या. "पोर होईनच असं मी म्हणत नाही. नाही झालं तं दोघायनं डॉक्टरकडे जायचं, दोघायनं. पण आपल्यालेच जे ठाऊक नव्हतं, त्याची शिक्षा हिले नाही." चार वर्षांत माझ्या बाजूने कोणी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी तिथेच रडले. मावशींनी गर्भाशय, नळ्या, बीजांडं सगळं एकत्र मळलं आणि पोळ्या लाटल्या. संध्याकाळी सासरे बाहेरून आले, मऊ झाल्यात म्हणून दोन जास्तच जेवले. आम्ही तिघी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो.

दिवाळीचा बेत सासूबाईंनीच मोडला. सासऱ्यांना काय सांगितलं देव जाणे, पण त्यानंतर त्यांचं लकडगंजला जाणं महिन्याच्या मधोमध होऊ लागलं. पुढच्या वर्षी उज्ज्वला झाली. मुलगी म्हणून सासरे जरा फुरंगटले, तर मावशी बारशातच म्हणाल्या, "भाऊजी, मुलगा का मुलगी ते बापाच्या बीवर ठरते. आपल्या पोराले इचारा, काहून असं केलं म्हणून!" पुढे सुट्टीच्या दिवशी त्या आमच्या क्वार्टरमध्ये येऊन कॉलनीतल्या बायांना शिकवू लागल्या. मी चहा करता करता ऐकायची. दर वेळी नवीन काहीतरी कळायचं, आणि आपलंच शरीर आपल्याला इतकं परकं कसं होतं, याचं नवल वाटायचं.

गेल्या आठवड्यात उज्ज्वला शाळेतून आली ती रडवेली, दप्तर मागे धरून. तिला पहिल्यांदाच पाळी आली होती. मी उठणार, तोच सासूबाईंनी मला हाताने थांबवलं. तिला आत बोलावलं, स्वतःच्या अंथरुणावर अगदी जवळ बसवलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि ज्या बाईने मला चार वर्षं बाहेर बसवलं होतं ती नातीला नीट, न लाजता, एकेक अवयवाचं नाव घेऊन सांगू लागली. पोरीने डोळे पुसले. "हे सगळं तुला कोणी शिकवलं, आजी?"

"तुह्या लकडगंजच्या आजीनं," सासूबाई म्हणाल्या. "मीच उशिरा शिकली वं पोरी. आधी शिकली असती, तं तू कवाच आली असती."