अकरा तुकड्यांचा चंद्र

चंद्र कुणाच्या मालकीचा नसतो, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. वालूरला हे अजून पोचलेलं नसावं. गावच्या वाचनालयासाठी दुर्बिणीतून पूर्ण चंद्राचा फोटो काढून देतो म्हणालो, तेव्हा तिथले अध्यक्ष म्हणाले, "काढा की सर. खाली कोपऱ्यात माझा फोटो टाका म्हंजे झालं."

"चंद्राच्या फोटोत तुमचा कशाला?"

"मग लोकान्ला कसं कळंल, कुनी लावला ते?"

मी नाही म्हणालो. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो, तोवर गावात पाण्याच्या टाकीपासून स्मशानातल्या शेडपर्यंत सगळ्यावर कुणाचा ना कुणाचा चेहरा आला होता. एक तरी वस्तू बिनचेहऱ्याची लागावी, एवढाच माझा हट्ट होता.

अडचण कॅमेऱ्याची होती. डोळा लावायच्या भिंगाच्या जागी अंगठ्याएवढा कॅमेरा बसवला की लॅपटॉपवर चंद्राचा नुसता एक तुकडा दिसतो. मग दुर्बीण हातानं सरकवत बारा तुकडे घ्यायचे आणि नंतर गोधडीसारखे जोडायचे. चंद्र काही आपल्यासाठी थांबत नाही.

पौर्णिमेला दिवेलागणीनंतर आमच्या स्लॅबवर पाच-सहा जण खुर्च्या टाकून बसले. मी बजावलं होतं: कुणी हलायचं नाही, स्लॅब हादरतो. अकरा तुकडे झाले. बारावा घेणार, तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या आणि अध्यक्ष वर आले. सगळे उठून उभे राहिले. सगळ्यांत आधी मी. माझाच गुडघा दुर्बिणीच्या तिवईला लागला आणि चंद्र पडद्यावरून गेला. परत सापडेपर्यंत ढग आले.

"बसा, बसा," अध्यक्ष म्हणाले.

जोडलेल्या फोटोत उजव्या कडेला काळा चौकोन राहिला. दोनच दिवसांत तो वाचनालयात लावायचा होता.

"नेटवरून टाका की तेवढा तुकडा," अध्यक्ष म्हणाले. "कुनाला कळतंय?"

"मला."

"न्हाई तर माझा टाका. बराबर पासपोर्ट साइज हाय बगा."

"ती जागा भरलेली आहे," मी म्हणालो. "तुम्ही आलात म्हणून मी उठून उभा राहिलो, ते आहे तिथं. तसंच राहू द्या."

"लय हट्टी हाव तुमी, सर."

मग मीच स्टुलावर चढून खिळा ठोकला. कोपऱ्यात चेहरा नाही, सौजन्य नाही, हार्दिक अभिनंदन नाही. भोकासकट चंद्र लागला.

वाचनालयात रोज सकाळी सात-आठ जण पेपर वाचायला येतात. ते चंद्राकडे पाठ करून बसतात, कारण पंखा समोरच्या भिंतीवर आहे.