भेव लागलं का?

पांढुर्ण्यातल्या एकाही माणसाला माझे साडभाऊ कधी घाबरवू शकले नाहीत, आणि उभ्या हयातीत त्यांनी दुसरा कोणताही उद्योग मनापासून केला नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांच्यावर चिडलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं कुठं माझा गळा दाटला असं वाटलं, तर तो रागानं दाटला असं समजावं. या मधल्या वर्षांत आमच्या सौंसरकडच्या संत्र्याच्या बागा दोनदा वाळल्या आणि दोनदा नव्यानं लागल्या. माझा राग एकदाही वाळला नाही.

साल पंच्याऐंशी-शहाऐंशी असेल. साडभाऊ पांढुर्ण्याच्या एका टॉकीजचे मॅनेजर होते. मॅनेजर म्हणजे तिकीट तेच फाडत, पोस्टर तेच चिकटवत आणि सायकलरिक्षात भोंगा बांधून गावभर तेच बोंबलत. टॉकीज अशी की तिथल्या ढेकणांनी तिकीट काढलं असतं तर ती कधीच तोट्यात गेली नसती. तिथं लागायचे फक्त भुताचे पिक्चर. नागपूरपासून इटारसीपर्यंत दळून दळून पीठ झालेली रिळं पत्र्याच्या डब्यांतून रेल्वेनं उतरायची. त्यातलं भूत आधी मरायचं आणि इंटरव्हलनंतर जन्माला यायचं. रबरी मुखवट्याची शिवण गळ्याशी दिसायची, आणि एकदा तर भुतानं हातातल्या घड्याळात वेळ पाहिलेली मी स्वतः पाहिली आहे. पण साडभावांची श्रद्धा अढळ. "हसनं-रडनं लोकं घरी जाईस्तोवर इसरतात जी," ते म्हणायचे, "भेव नाही इसरत मानूस." आणि खेळ सुटला की ते दाराशी उभे राहून बाहेर पडणाऱ्या एकेकाला विचारायचे, "भेव लागलं का?"

आता हा प्रश्न कोणत्या गावात विचारायचा, याचं काही ताळतंत्र? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जे गाव न्याहारी करून नदीवर जातं, दोन काठांवर उभं राहून आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांना दगडं हाणतं आणि संध्याकाळी डोक्याला पट्टी बांधून त्यांच्याचकडे चहा पितं, त्या गावाला रबराच्या मुखवट्याचं काय भेव? लोक बाहेर पडत ते डोळे पुसत, पण हसून हसून आलेलं पाणी पुसत. "मॅनेजर, भुताले जेवाले घाला जी, लय वाळलं," असं सांगून जात. साडभाऊ संतापानं लाल होत. लोक पिक्चरला नाही, आपल्या खानदानाला हसले, असं त्यांना वाटे.

मग त्यांनी युक्त्या सुरू केल्या. चेटकिणीचं पोस्टर त्यांनी इतक्या घट्ट खळीनं चिकटवलं की गावातल्या गाई दुपारपर्यंत तिचं तोंड चाटून मोकळ्या झाल्या, आणि उरलेल्या नुसत्या पदराला बायका हळदकुंकू वाहू लागल्या. एकदा त्यांनी प्रत्येक तिकिटावर एक मंतरलेलं निंबू जाहीर केलं. उन्हाळ्यात निंबं कडाडली, म्हणून बागेत गळून पडलेली हिरवी संत्री वाटली. अंधारात पब्लिकनं सालं सोलली आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांत पिळली. खेळ सुटला तेव्हा सगळी टॉकीज ढसाढसा रडत बाहेर आली. साडभावांनी आनंदानं पानवाल्याला मिठी मारली. त्यानंच खरा प्रकार सांगितला, तर त्याच्याशी आठ महिने बोलले नाहीत. पुढं संत्र्याच्या पेट्यांची फळी ठोकून त्यांनी एक तिरडीवजा पेटी केली आणि टॉकीजच्या दारात डोअरकीपरला प्रेत बनवून त्यात निजवलं. दुपारी प्रेताची बायको डबा घेऊन आली. प्रेत उठून बसलं, आणि रस्त्यानं जाणारे विचारू लागले, "काय जी, आज भाजी काय?" साडभाऊ धावून गेले, प्रेतावर नव्हे, विचारणाऱ्यांवर. "लाज नाही वाटत? मेलेल्या मानसाले भाजी इचारता?"

इथवर ठीक होतं. इथवर मी सौंसरमध्ये सुखात होतो, ढोरांच्या सरकारी दवाखान्यात मदतनीस म्हणून गाईम्हशींना सुया टोचत होतो. पण मग गावात व्हिडीओ आला. हॉटेलवाले रंगीत टीव्ही मांडून बसले, आणि टॉकीजच्या मालकाचा, म्हणजे कापसाचा व्यापार करणाऱ्या शेठचा, धीर सुटला. तो साडभावांना म्हणाला, "मॅनेजर, हसाले लोकं टॉकीजमध्ये काहून येतीन? हसू तं पारावर फुकट भेटते. एकदा, फक्त एकदा ह्या गावाले भेवाडून दाखवा, टॉकीज चालू ठेवतो. नाही तं दिवाळीपासून इथं कापूस भरतो."

दुसऱ्याच दिवशी साडभाऊ सकाळच्या बसनं सौंसरला हजर. तेही मला साडभाऊच म्हणत.

"साडभाऊ, तुमच्याजवळ पांढरा कोट आहे ना जी?"

"आहे. पण ढोरदवाखान्यातला आहे."

"कोटाले काय मालूम कोनाच्या दवाखान्यातला आहे थो?"

मी नाही म्हणालो. तीनदा म्हणालो. मग त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं, बायकोनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी रजेचा अर्ज लिहायला बसलो. मला अजून त्या अर्जाचा राग येतो. शुक्रवारी पांढुर्ण्यात पाय ठेवला तर भोंगा गर्जत होता, "कमजोर दिलवाले घर बैठें! नागपूर से दिल के बड़े डॉक्टर, तीन दिन, थेटर में हाजिर!" दारात संत्र्यांचा टेम्पो उभा, त्यावर लाल फुली, आत गादी. तीनच्या खेळाला मला बाजूच्या दाराशी खुर्ची दिली. गळ्यात नळी अडकवली, जिनं मी तोवर फक्त बैलांच्या पोटातली गुरगुर ऐकली होती. दिवे गेले. पब्लिक खरोखर गप्प होतं. पहिल्यांदाच कोणी हसत नव्हतं. साडभावांची छाती फुगलेली मी अंधारातही पाहिली. मग ते लगबगीनं तिकीटखोलीत गेले.

इंटरव्हलला दिवे लागले, आणि पुढच्या रांगेतला तिगावचा एक शेतकरी उभा राहून माझ्याकडे निरखून पाहू लागला. "अरे, हे तं ढोराचे डाक्तर होय! मोहगावच्या बाजारात माह्या म्हशीले सुई देल्ली ना जी तुम्ही?"

संपला खेळ. त्यानंतर पडद्यावर भूत लंगडत आलं की टॉकीज ओरडे, "डाक्तर, खुरकूत झाली वाटते त्याले! सुई द्या!" शनिवारी मी बाजारातून निघालो तर वयस्कर माणसं हात जोडून विचारत, "माहा सासरा दोन दिवसांपासून चारा खाऊन नाही राहिला जी." टॉकीज खच्चून भरली, पण मला पाहायला. साडभाऊ जेवले नाहीत. "मले हाउसफुल्ल नाही पाहिजे," ते ताटावरून उठत ओरडले, "भेव पाहिजे!"

रविवारी दुपारी तीनचा खेळ. पोळा होऊन महिना झालेला, उकाडा असा की बाजूचं दार उघडंच ठेवलं होतं. खेळ निम्म्यावर आला आणि तो तिगावचा गृहस्थ म्हैस घेऊन दारात उभा. म्हशीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. "काय करू जी? रयवारचा दवाखाना बंद, अन् तुम्ही तं इथंच बसून राहिले."

ढोराच्या डोळ्यांत वेदना दिसली की मला दुसरं काही दिसत नाही, हा माझा दोष. मी शेजारच्या नर्सरीवाल्याकडून बांबूचं नळकांडं आणवलं, तेल आणि हिंग तिच्या घशात ओतलं, आणि तिला दाराच्या कडीला बांधून पोट चोळू लागलो. आत पडद्यावर बाई कंदील घेऊन भुयारात उतरत होती. संगीत थांबलेलं. आणि माझ्या हाताखाली म्हशीच्या पोटात काहीतरी हललं. तिनं एक हिसका दिला, कडी उपटली आणि सरळ अंधारात शिरली. थेट पडद्यासमोरच्या ओट्यावर चढली. मशीनचा उजेड तिच्यावर पडला आणि मागं अख्ख्या पडद्यावर दोन शिंगं उगवली. बाईचा पांढराफटक चेहरा म्हशीच्या काळ्या कुशीवर तरंगू लागला, तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून म्हैस रेकली. त्याच क्षणी तेलाचाही गुण आला. त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही, पण तिगावच्या स्टेशनावर गाडी आली असं समजून लोक फलाटावर धावले, असं मला पुढं एकानं शपथेवर सांगितलं.

पांढुर्णा किंचाळलं. दगडांना न भिणारं ते गाव आईला, बापाला आणि सगळ्या देवांना हाका मारत तीन दारांतून एकदम बाहेर पडलं. सहाशे चपला मागं राहिल्या. मी? मी कुठं जाणार? डॉक्टर जागा सोडत नसतो. साडभाऊ सुखरूप आहेत की नाही, एवढंच पाहायला मी तिकीटखोलीकडे गेलो. जरा लगबगीनं गेलो, इतकंच.

साडभाऊ टेबलाखाली होते. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही कानांत कापसाचे बोंडाएवढे बोळे. मी खांदा हलवला तर केवढ्यानं दचकले. "झाला का खेळ?" त्यांनी कापूस काढत विचारलं. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "मी नाही पाहू शकत जी. लग्नाआधी एक पाह्यलता. तवापासून अंधारात मोरीपावतर तुमची ताई संग येते. कोनाले सांगू नका."

जन्मभर ज्या किंकाळीची वाट पाहिली, ती फुटली तेव्हा हा माणूस कानात कापूस घालून बसला होता. बाहेर येऊन त्यांनी चपलांचा ढीग पाहिला. चपला न्यायला परत आलेल्या एकेकाला ते विचारू लागले, "भेव लागलं का?" पण पांढुर्णाच ते! "छ्या! म्हशीले कोन भेते?" "गर्मी होऊन राहिली होती." एकजण म्हणाला, "चप्पल तुटेल होती, म्हनून ठेवून गेलतो." मला विचारायची वेळ येण्याआधी मी बस गाठली होती.

सोमवारी दवाखान्यात मेमो माझी वाट पाहत होता. कोणीतरी वर कळवलं होतं. "मनुष्यों का उपचार किस अधिकार से किया गया, तीन दिवस में स्पष्ट करें." माझी रजा गेली, अब्रू गेली, आता नोकरीवर आलं, आणि अधिकमासात सासऱ्यांनी दोन्ही जावयांना सारख्याच घेऊन दिलेल्या जोडातली माझी एक चप्पलही त्या भानगडीत गेली, गर्दीत जात असते. मेमो खिशात घालून मी तसाच पांढुर्ण्याला गेलो. सबंध रस्ता शिव्या पाठ करत गेलो.

टॉकीजच्या दारात शेठ उभा होता. साडभाऊ हात पाठीमागं घेऊन उभे होते. हातात काहीतरी होतं, पोस्टर असेल. कानापाशी कापसाचा एक तंतू अजून चिकटलेला. मला पाहून शेठ म्हणाला, "बरं झालं आले. गावातलं कोनी कबूल करून नाही राहिलं. तुम्ही दारातच होते. एक शब्दात सांगा डाक्तर, लोकं भेले का हसले?"

"साडभाऊ म्हनतीन तेच खरं," साडभाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला होता, जणू मी त्यांचंच उत्तर खिशात घेऊन आलो होतो. माझ्या खिशात मेमो होता.

"हसले," मी म्हणालो. "पोट धरधरून हसले."

साडभावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर माझ्या पायांतल्या कोऱ्या चपलांवर गेली आणि तिथंच थांबली. मला वाटलं, मान खाली गेली. "असं का," एवढंच म्हणाले. दिवाळीला टॉकीजमध्ये कापूस भरला गेला.

मी खुलासा लिहून दिला आणि माझी नोकरी वाचली. साडभाऊ पुढं भोंग्यावरून हरवलेल्या म्हशी आणि राशनची साखर पुकारत राहिले. "भेव लागलं का" हे पुन्हा कधी कोणाला विचारलं नाही. मी गेलो की चहा पाजत, ढोरांचं विचारत. एका शब्दानं कधी दोष दिला नाही, आणि त्याचा मला जास्तच राग येई.

मागच्या वर्षी ते गेले. तेरवीला माणसं उठल्यावर ताईंनी पलंगाखालून रिळाचा एक पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढं ठेवला. आत कापसात गुंडाळलेली तपकिरी चप्पल. एकच. उजव्या पायाची.

"तुमची आहे जी," ताई म्हणाल्या. "तिकीटखोलीच्या उंबऱ्यात सापडली म्हनत. मी म्हनलं, देऊन टाका ना. तं म्हने, साडभावाचा राग उतरला की दे जो. तुमचा राग काही उतरला नाही." पदरानं डबा पुसत म्हणाल्या, "एक गोष्ट इचाराले सांगतली होती त्याईनं. भेव लागलं होतं का म्हून."

तिच्यासारखाच सासऱ्यांनी दिलेला जोड त्या सोमवारी साडभावांच्या स्वतःच्या पायांत होता. शेठपुढं पाठीमागचा हात चपलेसकट नुसता पुढं केला असता, तर टॉकीज राहिली असती आणि मी खोटा पडलो असतो. त्यांनी हात पुढं केला नाही. अशा माणसावर चिडू नये, तर कोणावर चिडावं?

"हाव ताई," मी म्हणालो. "लय भेलतो. सगळ्याच्या आधी मीच पळालो."

एवढंच ऐकायला त्या रविवारी त्यांनी कानातला कापूस काढून ठेवला होता.