दिशांचं व्रत

सांगलीच्या हळदपेठेत उभा जन्म काढलेल्या नेमिनाथ चौगुल्यांना समुद्राचं भारी वेड. सत्तरीत, मोठ्या दुखण्यातून उठल्यावर, त्यांनी अंदमानची बेटं फिरायला दोघांपुरती शिडाची बोट ठरवली. बायको गुणमाला दिवस मावळल्यावर जेवत नाही, म्हणून जेवण उजेडातच आणि कांदा-बटाट्याशिवाय, हेही बोटवाल्याकडून कबूल करून घेतलं. सगळं जमल्यावर हौसेनं तिला सांगितलं, तर ती रडायलाच लागली.

“आवं, तुमी दवाखान्यात हुता, तवा मी मुनीमहाराजांपुढं दिशांचं व्रत घेतलंय. तुमी वाचावं म्हणून. आता मरेपातूर जिल्ह्याच्या भाईर पाऊल टाकायचं न्हाई.”

नेमिनाथ एकदम चिडून म्हणाले, “वाचवलंस कशाला गं मला?”