पाटे की स्प्रिंग?

काही घरांत जुने पेपर साठतात, आमच्या ग्रुपमध्ये समीरच्या गाडीचे किस्से साठतात. माझ्याकडे तर जास्तच, कारण गाडी समीरची आणि गॅरेज माझं! आम्ही सगळे इकडे परदेशात; तो शहराच्या एका टोकाला, सँट्रीला, फ्लॅटमध्ये राहतो आणि तिथल्या पार्किंगमध्ये स्पॅनर काढायला बंदी आहे. म्हणून दोन वर्षं ती गाडी माझ्या ब्लँचर्डस्टाउनच्या घरी. कुणी "गाडी काय म्हणते?" असं विचारलं की हल्ली मला हसू येत नाही. तरी सांगते.

*

गाडी म्हणजे जुनी अमेरिकन मसल कार. पन्नाशी उलटलेली, लांबलचक, लाल, आणि आवाज असा की शेजारीण खिडकी लावून घेते. पहिल्या चकरेला मी मागे बसले होते. पहिल्याच स्पीडब्रेकरवर डोकं छताला, दुसऱ्यावर चष्मा मांडीत!

"समीर, मागे सस्पेन्शन आहे की नाही?"

"आहे गं. पाटे आहेत."

पाटे म्हणजे ट्रकखाली असतात तसे लोखंडी पट्ट्यांचे थर. "बाबा येईपर्यंत बदलून टाकतो," तो म्हणाला.

त्याचे बाबा, आमचे काका, अकोल्याला बसच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांची मागणी एकच. "जिंदगीभर गाडीखाली झोपलो बापा. एकदा तुह्या गाडीत बसवून लिमरिकले नेजो. तू शिकला ते कॉलेज पायतो." डॉक्टरांनी मात्र बजावलेलं, अकोल्याहून इथवर एवढा लांबचा विमानप्रवास आता एकदाच, पुन्हा हृदयाला झेपणार नाही. म्हणजे आम्हाला चान्स एकच होता.

*

मंदार हा आमच्यातला आर्किटेक्ट. घरांचा नव्हे, सॉफ्टवेअरचा! त्याने लगेच एक्सेल उघडलं. पर्याय तीन: नवे पाटे, कॉइल स्प्रिंगचं किट, किंवा मागची दोन्ही चाकं वेगवेगळी हलतात तसलं महागडं प्रकरण. सतरा कॉलम, प्रत्येकाला वेटेज. आणि तुलनेला असावी म्हणून गंमतीत चौथी ओळ: 'गाडी विकणे'.

चार महिन्यांनी फायनल स्कोअर आला. 'गाडी विकणे' पहिली!

"वेटेज चुकलंय," मंदार म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

*

मग कुणीतरी डेक्लन नावाचा म्हातारा मेकॅनिक सुचवला. तो गाडीखाली दोन मिनिटं वाकला, उठला, हात पुसले. "नवे पाटे घाला. शनिवारी सकाळी आणा, संध्याकाळी घेऊन जा. ग्रँड." ग्रँड म्हणजे इथल्या भाषेत 'झालं, काळजी नको'.

परत येताना मंदार म्हणाला, "दोन मिनिटांत सांगितलं? काहीतरी गडबड आहे."

खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं! चार ठिकाणी चौकशी केल्याशिवाय आम्ही कधी मिक्सरसुद्धा घेतलेला नाही. त्या शनिवारी आम्ही गेलो नाही.

*

अखेर कॉइल स्प्रिंगचं किट ऑर्डर झालं. वेळ वाचावा म्हणून मंदार आणि समीरने ते यायच्या आधीच पाटे काढले, मागचा ॲक्सल काढला आणि पाटे अडकवायचे जुने ब्रॅकेट ग्राइंडरने कापून टाकले. उत्साह बघा!

खोका आला. एकही भोक जुळेना. किट भलत्याच मॉडेलचं होतं. ते अमेरिकेला परत पाठवायचं आणि दुसरं येणार चार महिन्यांनी. काका येणार होते तीन आठवड्यांनी, आणि राहणार होते दोन महिने.

"डिपेन्डन्सी लक्षात नाही आली," मंदार म्हणाला. म्हणजे कशाच्या आधी काय करायचं, ते! त्या दिवशी मी त्याला चहा दिला नाही.

*

काका आले. समीर म्हणाला, ट्रेनने नेतो लिमरिकला. "थांबू न. गाडी होईल," काका म्हणाले. दर रविवारी हेच. किटला चार महिने लागणार, हे त्यांना सांगायचा धीर आमच्यात कुणाला झाला नाही.

एकदा ते गॅरेजमध्ये आले. भिंतीला टेकवलेले जुने पाटे दिसले तसे उकिडवे बसले, फडक्याने पुसले, टोकाशी अंगठा दाबून पाहिला.

"पाटे तं चांगले हायेत. हे रबरी बुश गेले फक्त. अर्ध्या दिवसाचं काम हाय."

मंदार उडालाच. "मग हेच परत लावू ना काका!"

काकांनी वाकून गाडीखाली पाहिलं. ब्रॅकेटच्या जागी नुसत्या कापल्याच्या खुणा. आता पाटे अडकवणार कशाला?

"तीस वर्सं पाटेच बसवले बापा," ते समीरला म्हणाले. "फोनवर इचारलं असतं तं सांगितलं असतं."

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं! समीर घरामागे जाऊन रडला. मी त्याची काय समजूत घालणार? "काकांना काय विचारायचं, ते बसवाले," असं मीच एकदा म्हणाले होते. अजून लाज वाटते.

*

काकांचं विमान सोमवारचं. रविवारी दुपारी ते इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून माझ्या दारात उभे. मागे समीर.

"चाल, बसू गाडीत."

गाडी मागून स्टँडवर उचललेली, मागे चाकंच नाहीत. मी गॅरेजचं शटर पूर्ण वर केलं. बाहेर पाऊस लागला होता. काका पुढे बसले, बेल्ट लावला, कोपर खिडकीत टेकवलं. समीरने इंजिन चालू केलं. समोर माझी भिंत आणि फळीवर रंगाचे डबे. मी आणि मंदार बाजूला उभे राहिलो.

दहा मिनिटं गेली असतील.

"कुठवर आलो रे?"

समीर म्हणाला, "लिमरिक आलं, बाबा. ते बघा कॉलेज."

काका रंगाच्या डब्यांकडे बराच वेळ बघत राहिले.

"मोठं हाय," म्हणाले.

समीरने इंजिन बंद केलं.

"हँडब्रेक ओढ बापा," काका म्हणाले, "उतार हाय."