गवताचा खोडवा

ह्यांच्या वायुसेनेच्या नोकरीत आम्ही उभा संसार कुंड्यांमध्ये केला. झाड जमिनीत लावायचंच नाही, कारण बदली आली की ते दुसऱ्याचं. म्हणून निवृत्तीनंतर पंजाबात मुल्लानपूरला स्वतःचं घर झालं, तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा जमिनीत काही लावलं. आणि लावलं काय, तर गवत. फाटकापासून दारापर्यंत, कारंज्यासारखं झुकणारं, गुलाबी तुऱ्यांचं शोभेचं गवत. आमचे हे म्हणाले, "गवत कुणी विकत आणतं का? आमच्याकडं खुरपून टाकतात."

ह्यांचा जीव सांगलीकडच्या गावात, भावाशेजारच्या दोन खोल्यांत. माझा इथं. भांडून भांडून शेवटी ठरलं, हा एक हिवाळा काढायचा. गवत तगलं तर इथंच राहायचं, नाही तर घर विकून गावी. असलं काही गवतावर सोडतात का? पण दुसऱ्या कशानं आमचं मिटतही नव्हतं.

थंडी पडली आणि गवत पिवळं पडत गेलं. मी पाणी वाढवलं, तर ते आडवंच झालं. शेजारच्या पंजाबी आंटी म्हणाल्या, "और पानी दो जी." नर्सरीवाला म्हणाला, झोपलंय, पाणी तोडा, थंडी सरेपर्यंत कापू नका. पुण्याच्या बहिणीनं फोनवरून खत सांगितलं. कुणाचं ऐकावं? मेलंय की झोपलंय, हेच मला कळेना.

संक्रांतीला मी हळदीकुंकवाला गेले होते. परत येऊन बघते तर अख्खी ओळ जमिनीबरोबर भादरलेली आणि वर पाणी तुंबलेलं. हे पँट दुमडून चिखलात उभे. म्हणाले, "खोडवा धरलाय." ऊस तुटला की बुडखे तळातून छाटायचे, पाणी सोडायचं, त्यातूनच दुसरं पीक येतं, तो खोडवा. पण तो सांगलीच्या उन्हात! इथं धुक्यात सूर्य दिसत नव्हता.

"मुद्दाम केलंत तुम्ही," मी म्हटलं.

"अगं, ऊस असाच फुटतो," एवढंच बोलले.

विमानाचा एक स्क्रू पिळायच्या आधी पुस्तक दोनदा वाचणारा हा माणूस. त्यानं कुणाला न विचारता कोयता चालवावा? खरंच कळलं नसेल? की कळूनच केलं? रोज सकाळी माकडटोपी घालून हे बुडखे दाबून बघायचे, आणि मला वाटायचं, मेल्याची खात्री करतायत. संतापानं मी धड बोलत नव्हते. तरी चहा द्यायला गेले की वाटायचं, नाही, हे असं करणार नाहीत.

थंडी ओसरल्यावर एका सकाळी ह्यांनी हाक मारली. बुडखे मधून कुजून काळे झाले होते, पण कडेनं हिरवे कोंब आले होते. ह्यांनी कुजका भाग कापून टाकला, कडेचे जिवंत तुकडे सुटे केले आणि पाणी साचू नये म्हणून मातीचा उंचवटा करून पुन्हा लावले. "फुटवा बघ कसला आलाय," म्हणत स्वतःशीच हसत होते. सगळं विसरून मीही हसले.

मग हात न धुताच आत जाऊन ह्यांनी भावाला फोन लावला. मी दारातच होते.

"त्या खोल्यांत तुमचं सामान टाका आता," हे म्हणाले. "आमचं इथं लागलं."

फोन ठेवून हे भिंतीकडं तोंड करून बसले आणि मळक्या बाहीनं डोळे पुसत राहिले. माझ्या मनासारखं झालं होतं, आणि मला त्यांच्यासमोर जाता येईना.